आतून लावलेली कडी

विज्ञानाच्या बेलगाम महत्त्वाकांक्षेची गोष्ट सिनेमाने बोलायला शिकण्याच्याही आधी सांगायला घेतली. थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१० मध्ये मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीवर जेमतेम पाव तासाचा मूकपट काढला. त्यातला राक्षस रसायनांच्या काहिलीतून उठतो. ज्याचे नाव विजेच्या दिव्याशी कायमचे जोडले गेले त्याच्याच कंपनीच्या चित्रपटात राक्षसाला जिवंत करायला वीज लागत नाही, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतरचा आपला दुसरा चित्रपट पडद्यावर आणला, तो ‘मोहिनी भस्मासुर’. हाताबाहेर गेलेल्या शक्तीची कथा म्हणून दोन्हींचा विषय एकच वाटतो, आणि मराठी वर्तमानपत्रे अणुबॉम्बपासून प्लॅस्टिकपर्यंत कशालाही भस्मासुर म्हणून मोकळी होतात. पण दोन कथांत मोठे अंतर आहे. भस्मासुराला वर दुसरा कोणी देतो, देणारा अडचणीत येतो आणि त्याला सोडवायला तिसरा धावतो. फ्रँकेन्स्टाइनच्या कथेत मागणारा, देणारा आणि अडकणारा माणूस एकच आहे. मध्ये पडणारा तिसरा कोणी नाही. विज्ञानपटांची पुढची परंपरा या रिकाम्या जागेभोवती फिरत राहिली.

या चित्रपटांचा अर्थ सहसा असा लावला जातो की माणसाने देवाच्या कामात ढवळाढवळ करू नये. पात्रांच्या तोंडी तसे संवादही असतात. कथानके मात्र बारकाईने पाहिली तर ती काही वेगळेच सांगतात. निव्वळ ज्ञान मिळवले म्हणून त्यांत फारसे कोणी मरत नाही. अनर्थ होतो तो दाराला आतून कडी लावून काम केल्यामुळे, दुसऱ्याचा शब्द झटकून टाकल्यामुळे आणि जे निर्माण झाले त्याकडे पाठ फिरवल्यामुळे. चित्रपट तोंडाने पुराण सांगतो आणि हाताने पंचनामा लिहीत जातो. दोन्हींत पंचनामा अधिक भरवशाचा आहे.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे युनिव्हर्सल कंपनीचा १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’. दिग्दर्शक जेम्स व्हेल, शास्त्रज्ञ हेन्री फ्रँकेन्स्टाइनच्या भूमिकेत कॉलिन क्लाइव्ह आणि राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत कार्लॉफच्या नावाच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह होते. हेन्रीचे जुने प्राध्यापक डॉ. वॉल्डमन त्याच्या वाग्दत्त वधूला एक गोष्ट सांगतात, जी पुढच्या गडगडाटात प्रेक्षक विसरून जातो. विद्यापीठात शवविच्छेदनासाठी येणारी प्रेते हेन्रीला पुरेशी चांगली वाटत नव्हती. दुसरी मिळवून द्या, ती कुठून आणि कशी आणली याची फार चौकशी करू नका, असे त्याचे म्हणणे होते. विद्यापीठाने नकार दिला आणि हेन्री विद्यापीठ सोडून गेला. म्हणजे अडवणारी संस्था होती आणि तिने आपले काम चोख केले होते. हेन्री तिच्याशी भांडत बसला नाही. जिथे कोणाचा नकार पोहोचत नाही अशा डोंगरावरच्या पडक्या टेहळणी बुरुजात त्याने आपले बिऱ्हाड हलवले.

प्रयोगाच्या रात्री वाग्दत्त वधू, मित्र आणि वॉल्डमन भर पावसात येऊन दार ठोठावतात. हेन्री त्यांना घालवू पाहतो. मित्र त्याला वेडा म्हणतो तेव्हा मात्र त्याचा अभिमान दुखावतो. तो तिघांना वर नेतो, दाराला कुलूप लावतो आणि त्यांना बसून पाहायला सांगतो. प्रयोगाला साक्षीदार हवेत ही विज्ञानाची जुनी अट आहे. साक्षीदाराने प्रश्न विचारायचे असतात, प्रयोग थांबवायला सांगायची मुभा त्याला असायची असते. बुरुजातले तिघे नुसते प्रेक्षक आहेत आणि किल्ली हेन्रीकडे आहे.

मेंदूची हकिगतही तितकीच बोलकी आहे. मदतनीस फ्रिट्झच्या हातून निरोगी मेंदूची बरणी फुटते. तो शेजारची उचलतो, जिच्यावर मेंदू सदोष असल्याची चिठ्ठी स्वच्छ अक्षरांत लावलेली आहे, आणि मालकाला त्यातले काही सांगत नाही. मालकही विचारत नाही. तो मेंदू गुन्हेगाराचा होता हे वॉल्डमन नंतर सांगतात तेव्हा हेन्री क्षणभर चपापतो आणि मग म्हणतो की शेवटी तो मृत पेशींचा तुकडाच. गुन्हेगाराचा मेंदू जन्मतःच वेगळा असतो हे चित्रपटाचे गृहीतक आज टाकाऊ आहे. मूळ कादंबरीत तर त्याचा मागमूसही नाही. तिथला राक्षस लोकांच्या वागणुकीने क्रूर होतो आणि तसे तो अस्खलित भाषेत पटवूनही देतो. चित्रपटाने त्याची वाचा काढून घेतली आणि वर त्याला वाईट मेंदू दिला, हे निःसंशय पाऊल मागे आहे. तरीही चूक दडपणारा मदतनीस आणि चूक कळल्यावर खांदे उडवणारा प्रमुख ही जोडी कोणत्याही खऱ्या प्रयोगशाळेला परकी वाटणार नाही.

पुढचा भाग जबाबदारीचा. १८१८ च्या कादंबरीतला व्हिक्टर आपल्या निर्मितीने डोळे उघडताच पळ काढतो. चित्रपटातला हेन्री थोडा थांबतो एवढेच. राक्षसाला साखळदंडांनी बांधून तळघरात टाकले जाते, फ्रिट्झ मशाल नाचवून त्याचा छळ करतो आणि एके दिवशी त्याच्या हातून मरतो. हेन्री खचतो, घरी परततो आणि लग्नाच्या तयारीत रमतो. राक्षसाचे काय करायचे ते वॉल्डमन बघून घेतील. वॉल्डमन त्याचे विच्छेदन करायला घेतात आणि तेही जीव गमावतात. मोकळा सुटलेला राक्षस तळ्याकाठी मारिया नावाच्या मुलीबरोबर पाण्यात फुले सोडायचा खेळ खेळतो. फुले संपल्यावर तीही तशीच तरंगेल या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. हा तुकडा कित्येक वर्षे कापलेला होता. त्यामुळे पुढे झालेले राक्षसाचे हात आणि नंतर बापाच्या हातांवरचे मुलीचे कलेवर एवढेच दिसे, आणि प्रेक्षकाच्या मनात भलतीच शंका येई. देव असणे म्हणजे काय ते आता कळले, अशा अर्थाचे हेन्रीचे वाक्यही पुनर्प्रदर्शनाच्या वेळी काढले गेले. एका अजाण जीवाला वाऱ्यावर सोडून बोहल्यावर चढायला निघालेला शास्त्रज्ञ मात्र पडद्यावर तसाच राहिला.

प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी यंत्रे केनेथ स्ट्रिकफॅडन याने उभी केली होती. पुढे ‘वेडा शास्त्रज्ञ’ म्हटले की डोळ्यांसमोर येणारे चित्र बऱ्याच अंशी त्याच्या हातचे आहे. ती यंत्रे त्याने इतकी जपली की मेल ब्रूक्सच्या १९७४ च्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ या विनोदी चित्रपटात ती पुन्हा वापरता आली. या परंपरेचा दुटप्पीपणा इथे उघडा पडतो. ज्या गोष्टीपासून सावध करायचे तीच सर्वांत देखणी करून दाखवायची, आणि तिकिटे तिच्यावर खपवायची.

व्हेलनेच १९३३ मध्ये एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून ‘द इनव्हिजिबल मॅन’ काढला. जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर क्लॉड रेन्सचा केवळ आवाज ऐकू येतो. वेल्सचा ग्रिफिन मुळातच आपमतलबी आहे. चित्रपटाने त्याच्या वेडाला एक औषधी कारण दिले, मोनोकेन नावाचे काल्पनिक द्रव्य. ते भारतात उगवणाऱ्या एका फुलापासून निघते असे एक पात्र सांगते. युरोपच्या कथांना अद्भुत वनस्पती लागली की ती बहुधा आमच्याकडेच उगवते. वेल्सला हा बदल मानवला नव्हता. तरी त्यातून पटकथेला एक अस्सल तपशील सापडला. मोनोकेनने रंग उडतो एवढेच इंग्रजी पुस्तकांत छापलेले होते. एका जुन्या जर्मन पुस्तकात मात्र कुत्र्यावर केलेल्या प्रयोगाची हकिगत होती. कुत्रा पांढराफटक पडला आणि पिसाळला. ग्रिफिनच्या वरिष्ठांना ते पुस्तक ठाऊक होते. ग्रिफिनने त्यांना विचारले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण तो बंद कपाटात औषधे ठेवून गुपचूप काम करत होता, कारण शोधाचे श्रेय आणि त्यातून येणारा पैसा त्याला एकट्याला हवा होता. पुढे तो माणसे मारतो, रेल्वेगाडी दरीत लोटतो आणि मरताना माणसाने हात लावू नये अशा गोष्टीत आपण हात घातल्याची कबुली देतो. ही कबुली चित्रपटाच्या पुराणातली. पंचनाम्यात कारण वेगळे लिहिलेले आहे, ते म्हणजे आधीचे संशोधन न वाचणे.

याच सुमाराचा, १९३२ चा ‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’ वेल्सच्याच डॉ. मोरोच्या कादंबरीवरचा. चार्ल्स लॉटनने साकारलेला मोरो एका बेटावर जनावरांना कापून माणसे घडवतो. ब्रिटनमध्ये हा चित्रपट १९५८ पर्यंत दाखवू दिला गेला नाही. लॉटनचा गुळगुळीत, आतिथ्यशील, पांढऱ्या सुटातला डॉक्टर सगळ्या आरडाओरड करणाऱ्या शास्त्रज्ञांपेक्षा भयंकर वाटतो. मोरोचे बेट आणि हेन्रीचा बुरुज यांत मूलतः काही फरक नाही. दोघांनीही सहकाऱ्यांच्या नजरेपासून दूर जागा शोधली होती.

एकट्या शास्त्रज्ञाची ही साखळी कर्ट नॉयमनच्या १९५८ च्या ‘द फ्लाय’मध्ये पुढे येते. माँट्रियलमधला आंद्रे देलांब्र वस्तूचे कण विलग करून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा जुळवण्याचे यंत्र बनवतो. पहिल्या चाचणीत बशीवरची छापील अक्षरे उलटी येतात. नंतर घरातली मांजर यंत्रात घातली जाते आणि परत येतच नाही. तिचे म्याव मात्र हवेत ऐकू येत राहते. आंद्रे दुष्ट नाही, वेडाही नाही. तो प्रेमळ नवरा आणि बाप आहे. चुका दुरुस्त करतो, पुन्हा चाचण्या घेतो आणि मग एके दिवशी कोणालाही न सांगता स्वतः यंत्रात शिरतो. आत एक माशी आहे हे बाहेर उभा असलेला कोणीही पाहू शकला असता. डेव्हिड क्रोननबर्गने १९८६ मध्ये हीच कथा नव्याने केली तेव्हा त्याने हा दुवा आणखी घट्ट आवळला. जेफ गोल्डब्लमने केलेला सेथ ब्रंडल माकडावर प्रयोग यशस्वी होताच थांबायचे ठरवतो, कारण माकडाची तपासणी अजून व्हायची आहे. त्याच रात्री प्रेयसीविषयी संशय येऊन, दारूच्या अमलाखाली, तो थांबायचे विसरतो. महत्त्वाकांक्षा तितकीच होती जितकी सकाळी होती; फक्त ‘उद्या कर’ म्हणणारे माणूस घरात नव्हते.

इथवरचे शास्त्रज्ञ काल्पनिक शोधांत गुंतलेले होते. १९५४ मध्ये जपानी सिनेमाला तशी सोय राहिली नाही. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोटाची ताकद सुमारे ६ मेगाटन असेल असा अंदाज होता. ती १५ मेगाटन भरली. इंधनातला लिथियमचा जो समस्थानिक या क्रियेत निष्क्रिय राहील असे शास्त्रज्ञांनी धरले होते त्यानेही भाग घेतला. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’ अशा अर्थाच्या नावाची जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावरच्या २३ खलाशांवर किरणोत्सारी राख पडली. बिनतारी संदेश पाहणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, इशिरो होंडा दिग्दर्शित ‘गोजिरा’ जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याची सुरुवातच समुद्रातल्या लख्ख प्रकाशाने आणि पेटलेल्या जहाजाने होते. होंडा युद्धानंतर मायदेशी परतताना हिरोशिमातून गेले होते आणि तिथला विध्वंस त्यांनी पाहिला होता.

पुढच्या डझनावारी भागांनी गोजिराला, म्हणजेच गॉडझिलाला, मुलांचा लाडका केला, म्हणून मूळ चित्रपट किती गंभीर आहे हे पाहिल्याशिवाय पटत नाही. राक्षस अणुचाचण्यांमुळे जागा झाला हे लोकांना सांगावे की नाही यावर संसदेत जुंपते. आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील, घबराट पसरेल, म्हणून गप्प बसा, असे एक सदस्य म्हणतो. सत्य जाहीर करा म्हणून समोरून स्त्रिया ओरडतात. लोकल गाडीतली एक तरुणी नागासाकीतून वाचल्याचा उल्लेख इतक्या सहजपणे करते की ऐकणारा दचकतो. आणि मग येतो डॉ. सेरिझावा, युद्धात एक डोळा गमावलेला, तळघरात काम करणारा. प्राणवायूवर संशोधन करताना त्याला पाण्यातला प्राणवायू नष्ट करून जीवमात्राचा सापळा करणारे द्रव्य सापडले आहे. काचेच्या टाकीत ते टाकताच मासे विरघळतात. ते पाहणाऱ्या तरुणीकडून तो गुप्ततेचे वचन घेतो.

वरकरणी हाही बंद दारामागचा माणूस. पण त्याने दार लावले आहे ते उलट कारणासाठी. शोध बाहेर पडला तर राजकारणी त्याचे अस्त्र करतील याची त्याला खात्री आहे. त्यावरचा उतारा सापडेपर्यंत थांबावे असे त्याचे मत आहे. टोकियो जळते, दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलींचे प्रार्थनागीत ऐकू येते आणि तो एकदाच ते द्रव्य वापरायला तयार होतो. आधी कागद जाळतो. पण कागद जाळले तरी सूत्र डोक्यात आहे आणि डोक्याला कोणीतरी कधीतरी बोलते करील, हे तो ओळखून आहे. समुद्राच्या तळाशी जोडीदाराला वर पाठवून तो स्वतःची हवेची नळी आणि दोर कापतो.

सेरिझावा हा या परंपरेतला सर्वांत प्रामाणिक शास्त्रज्ञ म्हणता येईल. तरी त्याचे उत्तर आदर्श मानता येणार नाही. संशोधकाने संयम राखायला जीव द्यावा लागत असेल तर भोवतीच्या समाजाची व्यवस्था किती निकामी आहे याचाच तो पुरावा ठरतो. शिवाय त्याने जे शोधले ते उद्या दुसऱ्या कोणाला सापडणार नाही असे थोडेच आहे? अणुबॉम्बच्या बाबतीत हे घडून गेले होते. १९४५ मध्ये अमेरिकेकडे असलेले रहस्य १९४९ मध्ये सोव्हिएत संघाकडे होते. अमेरिकी बाजारासाठी १९५६ मध्ये ‘गोजिरा’ कापून, रेमंड बर नावाच्या नटाची दृश्ये चिकटवून नवा चित्रपट केला गेला. त्या आवृत्तीत अणुचाचण्यांवरचा रोख बराच बोथट झाला. ज्यांना ऐकवायचे होते त्यांच्यापर्यंत तो अर्धवटच पोहोचला.

त्याच १९५६ सालचा ‘फॉरबिडन प्लॅनेट’ सेरिझावाच्या पेचाची दुसरी बाजू दाखवतो. दूरच्या ग्रहावर राहणाऱ्या डॉ. मॉर्बियसला क्रेल नावाच्या लुप्त जमातीचे यंत्र सापडले आहे. ते २० मैल लांब, २० मैल रुंद आणि तितकेच खोल, जमिनीखाली चालू असलेले. मनात आणलेली वस्तू प्रत्यक्षात आणणे हे त्याचे काम. क्रेल जमात ते पूर्ण करताच एका रात्रीत नष्ट झाली, कारण मनात काय काय असते याचा हिशेब त्यांनी केला नव्हता. हे ज्ञान पृथ्वीला द्या असे म्हटल्यावर मॉर्बियस उत्तर देतो की आपण योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल तितके देऊ. निर्णयाचा अधिकार त्याने आपणहून घेतला आहे. शेवटी लोकांना फाडणारा अदृश्य राक्षस त्याच्याच झोपलेल्या मनातून येत असल्याचे उघड होते. एकट्याने पहारेकरी व्हायचे ठरवले तर पहारेकऱ्यावर नजर कोण ठेवणार, हा प्रश्न सेरिझावाच्या कथेत दबला होता. इथे तो उघडपणे समोर येतो.

१९६० च्या दशकात बुरुज ओस पडला. शास्त्रज्ञ आता टेबलाभोवती बसू लागला. स्टॅनली कुब्रिकच्या १९६४ च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मध्ये सोव्हिएत संघाने असे यंत्र उभारले आहे की हल्ला झाल्यास ते आपोआप सगळे जग संपवील आणि ते कोणालाही थांबवता येणार नाही. त्याचा धाक वाटावा म्हणून ते बनवले. पण नेत्याला घोषणा समारंभपूर्वक करायची होती म्हणून ते अजून कोणाला सांगितलेलेच नाही. गुप्तता आणि यंत्रावरचा अंधविश्वास एकत्र आले तर काय होते याचे इतके नेमके वर्णन गंभीर चित्रपटालाही साधलेले नाही. स्ट्रेंजलव्हचा काळ्या हातमोज्यातला, स्वतःच्याच मनाने उठणारा उजवा हात फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मधल्या रोटवांगची आठवण करून देतो. त्यानेही यंत्रमानव घडवताना उजवा हात गमावलेला आहे. रोटवांग यंत्र बनवतो ते मेलेल्या प्रेयसीच्या ओढीने, आणि त्याचा वापर करायला सांगतो तो नगराचा मालक, कामगारांत फूट पाडण्यासाठी. संस्था, सत्ता आणि प्रयोगशाळा यांची सोयरीक सिनेमाला इतक्या लवकर दिसली होती.

कुब्रिकच्याच १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त हॅल हा संगणक अंतराळवीरांना मारतो. मोहिमेचा खरा हेतू जाग्या असलेल्या दोघांपासून लपवला होता आणि तो फक्त हॅलला ठाऊक होता, हे शेवटी एका ध्वनिचित्रमुद्रित संदेशातून कळते. कोणाला किती सांगायचे हे वरच्या कचेरीने ठरवले होते. पण या सगळ्यांत आजच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा चित्रपट म्हणजे मायकेल क्रायटनने १९७३ मध्ये लिहून दिग्दर्शित केलेला ‘वेस्टवर्ल्ड’. दिवसाला १००० डॉलर मोजणाऱ्या पाहुण्यांसाठी यंत्रमानवांनी भरलेली एक विहारनगरी आहे. यंत्रे बिघडू लागतात आणि बिघाड साथीसारखा एका विभागातून दुसऱ्यात पसरतो. तज्ज्ञांच्या बैठकीत प्रमुख सांगतो की यातली काही यंत्रे दुसऱ्या संगणकांनी रचलेली आहेत आणि ती नेमकी कशी चालतात हे आपल्याला ठाऊक नाही. कोणी टेबलावर मूठ आपटत नाही. राक्षसी हास्य नाही, वीज कडाडत नाही. आत आलेल्या पाहुण्यांची मौज चालूच राहते. अखेर वीज तोडली जाते तेव्हा नियंत्रणकक्षाची दारे आपोआप बंद होतात आणि तंत्रज्ञ आतच गुदमरून मरतात.

क्रायटनच्याच कादंबरीवरून स्टीव्हन स्पीलबर्गने १९९३ मध्ये केलेल्या ‘ज्युरासिक पार्क’बद्दल इतके लिहिले गेले आहे की एकच गोष्ट पुरे. पुराजीवशास्त्रज्ञांना आणि गणितज्ञाला बेटावर बोलावले जाते ते एका कामगाराचा मृत्यू झाल्यावर, विमा आणि गुंतवणूकदार बिथरल्यामुळे. डायनोसॉर तोवर वाढलेले असतात, कुंपणे उभी असतात, भेटवस्तूंचे दुकान मांडलेले असते. तज्ज्ञांकडून सल्ला नको आहे, सही हवी आहे. सिनेमाने या चतुर मालकाला प्रेमळ आजोबा करून सोडले. कादंबरी त्याच्याशी इतकी मऊ वागलेली नाही.

या चित्रपटांवर एक आक्षेप न्याय्य आहे. त्यांतला शास्त्रज्ञ जवळजवळ नेहमी पुरुष, बहुधा परक्या नावाचा आणि घटना घडून गेल्यावर पश्चात्ताप करणारा असतो. वेळीच थांबलेला शास्त्रज्ञ त्यांत क्वचितच भेटतो, कारण थांबण्यात नाट्य नसते. प्रत्यक्षात तो भेटतो. स्टॅनफर्डचे पॉल बर्ग १९७१ मध्ये माकडांत आढळणाऱ्या आणि उंदीरवर्गीय प्राण्यांत गाठी निर्माण करणाऱ्या एका विषाणूचे जनुक आतड्यातल्या जिवाणूंत घालण्याच्या तयारीत होते. त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून हा बेत दुसऱ्या प्रयोगशाळेत समजला आणि तिथल्या रॉबर्ट पोलॅक यांनी त्यांना फोन करून शंका विचारल्या. माणसाच्या पोटात राहणारा जिवाणू का निवडला, तो बाहेर पडला तर काय? बर्ग आधी वैतागले, मग विचारात पडले आणि प्रयोग बाजूला ठेवला. १९७४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असे काही प्रयोग तूर्त थांबवण्याचे जाहीर आवाहन केले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार येथे सुमारे १४० जणांच्या परिषदेत सुरक्षिततेच्या पायऱ्या ठरल्या. बर्ग यांना १९८० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. थांबण्याने त्यांचे काही बिघडले नाही.

असिलोमारमध्येही बोलणारे बहुतांशी शास्त्रज्ञच होते, हा दोष पुढच्याच वर्षी पुढे आला. हार्वर्ड विद्यापीठाला अशा संशोधनासाठी नवी प्रयोगशाळा बांधायची होती तेव्हा ते ज्या गावात आहे त्या अमेरिकेतल्या केंब्रिजच्या नगरपरिषदेने १९७६ च्या उन्हाळ्यात जाहीर सुनावण्या घेतल्या. महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी त्या वेळी फ्रँकेन्स्टाइनचे नाव घेतले, आणि काही संशोधकांना तो अडाणीपणा वाटला. परिषदेने काही महिने काम रोखले आणि सामान्य नागरिकांची एक समिती नेमली. तिने दोन्ही बाजूंची साक्ष ऐकली, शास्त्रज्ञांकडून विषय समजून घेतला आणि जादा अटी घालून संशोधनाला परवानगी द्यावी अशी शिफारस केली. तसा नगरनियम १९७७ च्या फेब्रुवारीत मंजूर झाला. संशोधन दुसरीकडे पळून जाईल ही तेव्हा व्यक्त झालेली भीती खरी ठरली नाही. बायोजेनसारख्या कंपन्या १९८० च्या दशकात तिथेच आल्या, आणि आज केंब्रिज हे जैवतंत्रज्ञानाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे.